चाचणी चरांसाठी जेसीबी: मालकाला दोन तारे, ऑपरेटरला पाच

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका देवस्थानाच्या जागेत सभागृह व्हायचंय. पाया खणण्याआधी खाली जुने अवशेष आहेत का ते पाहायला रीतसर परवानगी काढून आम्ही चाचणी चर घेतले. मी उत्खननातल्या नोंदी ठेवते, त्यामुळे गाडी ठरवायचं कामही माझ्याच गळ्यात. साखळीकडच्या एका मालकाची जेसीबी घेतली.

दात नसलेली, सपाट तोंडाची बकेट हवी, हे फोनवर बजावून सांगितलं होतं. "माती काढायची ना, कुठलीही चालते," म्हणाले. चालत नाही. दातांनी मातीवर रेघा उठतात आणि आम्हाला तर मातीचे रंगच वाचायचे असतात. गाडी आली ती दातांसकट! दुसरी बकेट येईपर्यंत जेवणाची वेळ झाली. तो खोळंबाही बिलात लावलेला. भांडून काढायला लावला. शिवाय गाडीतून तेल ठिबकत होतं. कोळशाच्या नमुन्यात तेल गेलं तर कार्बन कालमापन, म्हणजे कोळशावरून वय काढणं, बिघडतं, म्हणून उभी असताना खाली पत्रा ठेवायला लावला.

ऑपरेटर मात्र सोन्यासारखा माणूस. बेळगावकडचा. एका वेळी चार बोटांपेक्षा जाड थर काढला नाही. वरची काळपट माती एका अंगाला, खालची तांबडी दुसऱ्या अंगाला, दोन्ही चराच्या कडेपासून मीटरभर लांब, आणि हे मी तोंड उघडायच्या आधी. इंग्लंडात १९९० पासून बांधकाम परवानगीच्या कामात असे चर सर्रास घेतात. ३० मीटर लांब, २ मीटर रुंद, एकूण जागेच्या २ ते ५ टक्के. आमच्या उतारावर तेवढी लांबी बसेना, म्हणून आखूड चर घेतले, पण रुंदी तीच ठेवली.

वरच्या थरात फुटकी मंगळुरी कौलं निघाली. बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने ती मंगळुरात पाडायला सुरुवात केली १८६५ साली, म्हणजे तो थर त्यानंतरचाच. त्याखाली बकेट अचानक थांबली. "मॅडम, हितं माती मऊ लागतीया." आजूबाजूला जांभा कडक आणि मधेच भुसभुशीत, फरक त्याला लिव्हरवरच्या हातानेच कळला. पाणी शिंपडलं तशी गोल कड उठून दिसली. जांभ्यात खणलेला खड्डा, आत राख आणि खापरं. तिथून पुढे गाडी मागे, आम्ही थापी-ब्रश घेऊन खाली.

पावसाच्या तोंडावर बुजवतानाही त्याने तांबडी माती आधी, काळी वर, असंच केलं. सभागृह कुठे सरकवायचं ते समिती ठरवेल.

बुकिंग करताना बकेटचा फोटो मागवा आणि ऑपरेटर कोण येणार ते आधीच विचारून घ्या. मालकाकडे दुसराही एक आहे. तो गटारं छान काढतो.