धनुष्याच्या लिम्बच्या कडा उतरवायला बेल्ट सँडर घ्यावा की कानस?

लाकूड आणि फायबरग्लासच्या पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवून केलेलं धनुष्याचं लॅमिनेशन फॉर्मवरून, म्हणजे साच्यावरून, सुटलं, कडेला ओघळून कडक झालेली इपॉक्सी काढून टाकली, की खरा प्रश्न समोर येतो. लिम्ब, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे हात, आखलेल्या रेषेपर्यंत आणायचे कशाने? बेल्ट सँडरने, की कानस आणि पॉलिशपेपर लावलेल्या फळीने? मी दोन्ही पद्धतींनी लाँगबो केले आहेत. माझा कल आता कानशीकडे आहे, पण सँडरची बाजूही काही लंगडी नाही.

ग्लास, म्हणजे लिम्बवरचा फायबरग्लास, भयंकर चिवट असतो. बँडसॉचं पातं त्यावर बघता बघता बोथट होतं आणि कानशीही झिजतात. सँडरवर खरखरीत पट्टा चढवला की तासांचं काम मिनिटांत होतं आणि मनगटही वाचतं. वर्षाला चार-सहा धनुष्यं करणाऱ्याने, किंवा ज्याची मनगटं आधीच कुरकुरतात त्याने, सँडर घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त लिम्बवर एका जागी रेंगाळू नये. ग्लास तापतो, ती ऊब खालच्या गोंदाच्या थरापर्यंत जाते, आणि इपॉक्सीला उष्णता सोसत नाही. बोट ठेववेना इतकं तापलं तर थांबलेलं बरं.

माझा निर्णय मात्र धुळीने केला. आमच्याकडे मिशिगनमध्ये हिवाळाभर गॅरेजचं दार उघडं टाकून काम करता येत नाही. याच राज्यात, ग्रेलिंगला, फ्रेड बेअर यांच्या कारखान्याने 1950 च्या दशकात ग्लासची धनुष्यं सामान्य तिरंदाजाच्या हाती दिली. पण कारखान्याची पद्धत कारखान्याच्या जागेत शोभते. आपलं काम गाडी आणि मुलांच्या सायकलींच्या मधल्या बोळात चालतं. सँडर ग्लासचं पीठ करतो आणि ते पीठ खाली बसतच नाही. व्हॅक्यूम जोडला तरी निम्मं निसटतं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या काचेवर राखाडी थर, सायकलीच्या सीटवर थर, शर्टाच्या कॉलरमध्ये आणि मनगटाच्या आतल्या बाजूला चुरचुर. खाजवलं की तुसं आणखी आत जातात. घाम आला की विचारूच नका. कामाचे कपडे वेगळे धुवायचे, मगच घरात पाऊल टाकायचं. मास्कने छाती वाचते, पण गॅरेज वाचत नाही, आणि घरातली बाकीची माणसं तर तिथे मास्क लावून येत नाहीत.

कानशीनेही धूळ होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, आणि मास्क तिथेही हवाच. पण ती जाडसर असते, सरळ खाली पडते. व्हाइसखाली ओलं फडकं अंथरलं की बहुतेक सगळी त्यातच येते. शेवटचा हात पाण्यातल्या पॉलिशपेपरने मारला तर उडायला काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट टिलरची, म्हणजे दोन्ही लिम्ब योग्य वाकतील असं जुळवण्याची. लिम्बची ताकद रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. शिवाय ग्लासचा दर्शनी पृष्ठभाग तासला की लांबीभर जाणारे तंतू तुटतात, म्हणून जाडीला हात लावायचा नाही. सगळी दुरुस्ती कडांवरूनच. ताठ लिम्ब नरम करायचा तर दोन्ही कडा सारख्या उतरवायच्या. दोरी टोकाशी एका बाजूला सरकत असेल तर बळकट बाजूची कड थोडी उतरवायची. इथे कानशीचे मोजके हात मारून दोरी चढवावी, पाहावं, पुन्हा उतरवावी. हे सँडरनेही जमतं, पण एका कडेला जरा जास्त दाब पडला की लिम्ब पिळतो, आणि गेलेला ग्लास परत लावता येत नाही.

कानशीने काम करताना दोन सवयी मला फार उपयोगी पडल्या. हात नेहमी ग्लासकडून लाकडाकडे मारायचा, म्हणजे कडेचा ग्लास उचकटत नाही. मधे आल्यावर लिम्ब उलटा करून दुसरीकडून तसंच. आणि कड सपाट झाली का, हे डोळ्याने न ठरवता कडेवर पेन्सिलने गिरगोटून फळीवरचा 80 नंबरचा पॉलिशपेपर फिरवायचा. जिथे शिसं राहिलं तिथे खळगा. मग डोळे मिटून अंगठा आणि तर्जनी कडांवरून टोकापर्यंत ओढायची. जो उंचवटा डोळ्याला दिसत नाही, तो बोटांना लगेच लागतो.

वेळ जास्त जातो, यात शंका नाही. पहिलंच धनुष्य असेल, जागा घराला लागून असेल, तर माझ्या मते कानस घ्या: एक खरखरीत, एक मध्यम, आणि टोकांच्या खाचांसाठी एक बारीक गोल. खुलं अंगण किंवा वेगळी शेड असेल तर सँडरचा विचार जरूर करा. त्यातही लिम्बच्या दर्शनी बाजूवर मास्किंग टेप लावून मध्यरेषा आणि आकार टेपवर आखा, आणि सँडर रेषेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबवा. तेवढं हाताने काढायला फार वेळ लागत नाही.