दोन हॉर्न (भोंगे) की छतातले वीस स्पीकर?

जळगावच्या मामेभावाचं मंगल कार्यालय उभं राहतंय. आगीच्या वेळी सूचना कशावरून द्यायची, यावर त्याचं अडलंय.

खर्चात हॉर्न स्वस्त, वायरही कमी. आपल्याकडच्या धूळ-उन्हातही टिकतो.

पण ऐकू येणं वेगळं, कळणं वेगळं. फरशी-काचेच्या हॉलात आवाज घुमतो. हॉर्नवरून 'डाव्या जिन्याने उतरा' असं बोलून पाहिलं, तर मागे उभ्या मामींना फक्त '...न्याने ...तरा'! हॉर्नपासून अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. मागे पोचवायला वाढवला तर पुढच्यांचे कान किटतात. छतातले स्पीकर डोक्याजवळच, हळू आवाजातही शब्द सुटा. स्पष्टतेची एसटीआय मोजणी ० ते १ असते, ०.५ च्या खाली समाधान मानू नये.

पार्किंग, कापसाच्या जिनिंगचं आवार असेल तर हॉर्न घ्या. हॉल नि जिन्यांसाठी छतातलेच.