तीनशेची टू-स्ट्रोक वाळूत: कुठे पैसे वसूल, कुठे पाण्यात

गाडी पिकअपवरून उतरवून दुकानासमोर पहिल्यांदा चालू केली, तेव्हा शेजारचे नाना धुरातून वाट काढत आले आणि म्हणाले, "हाई गाडी शे का फवारनीनं मशीन?" नानांचं काही चुकलं नाही. आवाज तोच, वास तोच, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगडही तीच. कपाशीवर पाठीवरचा पंप ज्यानं मारलाय, त्याला टू-स्ट्रोक समजावून सांगावी लागत नाही.

माझं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गाडी केटीएम 300 ईएक्ससी, 2017 ची, कार्बोरेटरवाली. रॅली सोडलेल्या पुण्याच्या एका गड्याकडून मागच्या दिवाळीत घेतली. पासिंग नाही, त्यामुळे रस्त्यावर चालवता येत नाही. जिथे जाईल तिथे नवरदेवासारखी पिकअपवर बसून जाते. सराव तापीकाठी, मित्राच्या रेताड पडीक तुकड्यात. तिथे पहिले दोन दिवस वाळूचे ट्रॅक्टरवाले मला तहसीलचा माणूस समजून लांबूनच वळत होते. मग जानेवारीत चार दिवस जैसलमेरकडे. हे सगळं त्या चार दिवसांच्या जिवावर लिहितोय.

वाळवंटात टू-स्ट्रोक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. डाकारमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या सगळ्यात नावाजलेल्या रॅलीत, मोटरसायकलींना 450 सीसीची मर्यादा आहे आणि धावतात त्या फोर-स्ट्रोकच. आपला हरिथ नोआ 2024 ला 11वा आला, तोही 450 वरच. माझं उत्तर साधं आहे: ही गाडी पेट्रोल सोडून शंभर किलोच्या आसपास भरते. मी बेचाळीस वर्षांचा, वजन 92 किलो, आणि वाळूत दिवसातून सात-आठ वेळा पडतो. उचलायची मलाच आहे.

पहिला खर्च मी चुकीच्या जागी केला. चौतीस हजारांचा एक्सपान्शन चेंबर, म्हणजे तो पोट सुटलेला सायलेन्सरचा पाइप. वरच्या आरपीएमला ताकद वाढते म्हणे. वाढली असेल. पण मऊ वाळूत वरची ताकद हवी कोणाला? मागचं चाक घुशीसारखं खाली उकरत गेलं आणि गाडी तिथल्या तिथे बसली. त्याच दिवशी पॉवर-व्हॉल्व्हची, म्हणजे धूर बाहेर पडायची वाट लहान-मोठी करणाऱ्या झडपेची, लाल स्प्रिंग काढून हिरवी टाकली. या इंजिनाला तीन रंगांच्या स्प्रिंगा येतात: हिरवी मवाळ, पिवळी मधली, लाल तिखट. हिरव्या स्प्रिंगेवर गाडी बैलगाडीसारखी ओढायला लागली आणि वाळूवर तरंगली. खर्च शून्य, कारण स्प्रिंगा जुन्या मालकानं डब्यात घालून दिल्या होत्या.

आता एअर फिल्टर. वाळूत इंजिन मरतं ते बहुतेक इथूनच. फिल्टर स्पंजाचा असतो, त्याला चिकट फिल्टर ऑइल लावायचं असतं, एवढं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की फिल्टरची कड जिथे डब्याला टेकते तिथेही ग्रीस लागतं. तापीवरच्या दुसऱ्या रविवारी फिल्टर काढून आतल्या नळीत पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर बारीक रेती, रांगोळीसारखी. स्पंज अगदी चांगला होता. रेती कडेच्या फटीतून आत गेली होती. त्या रात्री सिलिंडर उघडला. नशिबानं पिस्टनवर नुसते ओरखडे होते. तेव्हापासून कडेला जाड ग्रीस, आणि स्पंजावर नायलॉनचं पातळ आवरण. पिठाच्या गिरणीच्या तोंडाला जशी कापडी पिशवी बांधतात, तसं. मोठी रेती आवरणातच अडते; ते झटकून पुन्हा चढवायचं. जैसलमेरला ऑइल लावलेले चार फिल्टर पिशव्यांत बांधून नेले आणि दर टाकीला एक बदलला. सगळं मिळून चार हजारही गेले नाहीत. पाचपैकी पाच, आणि पैसे एकाच गोष्टीला असतील तर याला.

टाकी. मूळची नऊ-दहा लिटरची, आणि खोल वाळूत माझ्या मोजणीनं लिटरला दहा किलोमीटरही मिळत नाहीत. ("कितलं पेट्रोल पेस?" नानांनी विचारलं होतं. मी विषय बदलला.) पंधरा लिटरची प्लास्टिकची टाकी मागवली. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं दुसऱ्याच मॉडेलची पाठवली, ती परत करण्यात पाच आठवडे गेले, आणि फोन उचलणारा माणूस दर वेळी नवा. योग्य टाकी आल्यावर मात्र तक्रार नाही. भरल्यावर पुढचं वजन जाणवतं, म्हणून माझ्या वजनाला जुळेल अशी जड स्प्रिंग मागच्या शॉकला टाकावी लागली. या गाडीला मागे लिंकेज, म्हणजे मधल्या जोडदांड्या, नाहीत; शॉक थेट स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर. शहरी लोक त्याला नावं ठेवतात, पण रेती भरायला तेवढी बेअरिंगं कमी, हे मला पटतं.

ऑइलबाबत एक सांगतो. आमच्याकडे प्रत्येक कृषी केंद्रात 2टी ऑइल मिळतं, पण ते फवारणी पंपासाठी. तीनशेच्या इंजिनाला पूर्ण सिंथेटिक लागतं. कंपनी 60 ला 1 सांगते. मी 50 ला 1 घालतो, कारण पाच लिटरला बरोबर 100 मिली, उन्हात उभं राहून हिशेब नको. मोजायला जनावरांच्या डॉक्टरकडची 50 मिलीची पिचकारी. दोन पिचकाऱ्या, की झालं.

आणि सगळ्यात मोठा धडा कोणत्याही पार्टच्या डब्यावर छापलेला नव्हता. उंच टेकडीवरून वेगात उतरताना मी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला. निम्म्यात इंजिन आवळल्यासारखं झालं, मागचं चाक अडखळलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. आणि चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवतच असतं. तेव्हा उतारावर थोडा ॲक्सिलरेटर देत राहायचं किंवा क्लच दाबून मधूनमधून रेस करायची. फोर-स्ट्रोकवरून येणाऱ्यानं हे आधी अंगवळणी पाडावं, मग टेकडी चढावी.

जेटिंगला, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारं भोक (जेट) योग्य मापाचं बसवायला, मी तीन रविवार घातले. गरम हवा पातळ असते, म्हणून मे महिन्यातल्या आमच्या 44 डिग्रीला जेट लहान करावा, हे पुस्तकी. पण वाळूत इंजिनावर सतत ओझं असतं आणि जास्तीचं पेट्रोल-ऑइल त्याला थंड ठेवतं. म्हणून मेन जेट एक नंबर मोठा ठेवला. प्लग काढून बघायचा: चुन्यासारखा पांढरा असेल तर थांबा, काळा ओला असेल तर फार पितेय, कळण्याच्या भाकरीसारखा तपकिरी असेल तर चालू द्या.

रेडिएटरचा पंखा घ्याच. हळू वेगात हवाच लागत नाही. रेडिएटरचं 1.8 बार दाबाचं झाकण स्वस्त आहे, तेही घ्या. हॅण्डलचे झटके शोषणारा डॅम्पर महाग आहे, पण संध्याकाळी मनगटं शाबूत राहिली. पुढचं स्प्रॉकेट 13 दातांचं तापीवर छान वाटलं. जैसलमेरच्या मोकळ्या रानात किंचाळायला लागलं, परत 14. टायरमध्ये हवा 12 पीएसआय, आणि कमी हवेत टायर रिमवर घसरू नये म्हणून रिम-लॉक दोन्ही चाकांना. चेनला ऑइल लावू नका, रेती चिकटून पाट्यावरचं वाटण होतं.

मूळचा पाइप पुन्हा चढवलाय. चौतीस हजारांचा दुकानात खुंटीला टांगलाय. परवा पारोळ्याकडचा एक शेतकरी बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, हे कितीच्या मोटरचं आहे?