नवे स्वस्त की जुने चांगले? कॅमेऱ्याच्या साहित्याची तुलना

कॅमेरा घेऊन झाला आणि हातात आठ-दहा हजार रुपये उरले की दोन वाटा दिसतात. एकीकडे ट्रायपॉड, फिल्टर (लेन्सपुढे बसवायची काच), जादा बॅटरी आणि मेमरी कार्ड असा अख्खा नवा संच. दुसरीकडे तेवढ्याच रकमेत एखाद-दुसरीच, पण नावाजलेल्या कंपनीची वापरलेली वस्तू. पुण्यात दोन्ही मिळते. माझा कौल मात्र सरसकट एकीकडे नाही, तो वस्तूगणिक बदलतो.

ट्रायपॉडच्या बाबतीत मला शंका उरलेली नाही. पातळ पायांचा आणि प्लॅस्टिकच्या डोक्याचा नवा ट्रायपॉड फोनसाठी पुरतो, पण त्यावर कॅमेरा आणि लेन्स चढवली की त्याची ढिली पकड उघडी पडते. थंडीतल्या एका पहाटे पुण्याजवळ नदीकाठच्या कवडी पाटावर शटर दोन-दोन सेकंद उघडे ठेवून छायाचित्रे घेत असताना, स्क्रू बोटे दुखेपर्यंत आवळूनही चौकट दर वेळी केसभर खाली सरकत होती, आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तर काठावरच्या झाडाची एकही फांदी रेखीव नव्हती. वापरलेला, दोन-अडीच किलोंचा ट्रायपॉड सिंहगड चढताना खांद्याला जाणवतो हे खरे, परंतु त्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते. पायांचे खटके आणि डोक्याची पकड दुकानात उभ्या उभ्या तपासता येते.

लेन्सच्या निवडीत थोडे थांबावे. कॅमेऱ्यासोबत आलेल्या 18-55 मिमी झूम लेन्सपुढे स्क्रूने बसणारे स्वस्त ‘वाइड’ (रुंद दृश्याचे) किंवा ‘टेली’ (दूरचे जवळ आणणारे) भिंग लावले की चित्राच्या कडा विरघळतात आणि उजेडाभोवती रंगीत किनार उमटते. त्याऐवजी वापरलेली 50 मिमी एफ/1.8 लेन्स घेतली (‘एफ’चा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे उघडते), तर त्याच 18-55 लेन्सच्या एफ/5.6 पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. घरात गौरींसमोर जिथे 1/5 सेकंद लागत होता तिथे 1/50 सेकंदात काम होते. तरीही जुन्या लेन्समध्ये दोन खाचखळगे आहेत. निकॉनच्या डी3000 आणि डी5000 मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसल्याने स्वतःची मोटर नसलेली जुनी ‘एएफ-डी’ लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाही, आणि कमी किमतीला भुललेला माणूस नेमका तिथे फसतो. दुसरा धोका बुरशीचा. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरून तिरके पाहिले की बुरशी असल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ते दिसले तर घासाघीस न करता लेन्स परत द्यावी.

मेमरी कार्ड आणि बॅटरी यांच्या बाबतीत मात्र मी बरोबर उलट सांगेन: या दोन वस्तू नव्याच, आणि अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्याव्यात. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर मी 128 जीबी लिहिलेले एक स्वस्त कार्ड वापरले होते. सुरुवातीची छायाचित्रे उघडली. पहाटेच्या मिरवणुकीची एकही उघडली नाही. नकली कार्डात जागा थोडीच असते, पण ते कॅमेऱ्याला मोठा आकडा सांगते, आणि खरी जागा भरल्यावर पुढचे सारे वाया जाते. म्हणून नवे कार्डही एकदा संगणकावरून काठोकाठ भरून, सगळ्या फायली उघडून पाहावे. स्वस्त बॅटरीवरचा क्षमतेचा, म्हणजे मिलिअँपिअर-तासांचा, आकडाही असाच फुगवलेला असू शकतो, आणि बॅटरी फुगली तर ती कॅमेऱ्यातच अडकू शकते.

फिल्टर दोन्ही वाटांवर वगळावा. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परतवतो, त्यामुळे रात्रीच्या चित्रांत दिव्यांची भुते, म्हणजे फिकट प्रतिबिंबे, उमटतात. लेन्सच्या रक्षणाला हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी झडप, पुरते. त्या पैशांत घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा शोषणारे सिलिका जेल घ्यावे, कारण जूननंतरच्या पुण्याच्या दमट हवेत बंद कपाटातली चांगली लेन्सही बुरशी धरू शकते.