यूमिक-१ माइक : डग्गा का घुमत होता ते याने दाखवलं

बाबा चाळीस वर्षं तबला वाजवतात. नव्या स्पीकरवर ठेका ऐकून म्हणाले, "अरे, हा डग्गा नुसता घुमतोय. घिस्सा कुठंय?" (घिस्सा म्हणजे डग्ग्यावर मनगट घासत काढलेला घसरता सूर.) मी दोष स्पीकरला दिला, परत करायलाही निघालो होतो. त्याआधी मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा आवाज मोजायचा माइक मागवला, तेवढं बरं केलं.

माइक यूएसबीचा आहे, थेट लॅपटॉपला लागतो. प्रत्येक माइकची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे त्याच्या मोजण्यातल्या चुका भरून काढणारी फाइल, वेगळी. सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून उतरवायची. माझ्या मते पैसे या फाइलचेच आहेत. ती जॉन मलकाही यांच्या आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढणारा स्वीप वाजवायचा.

आम्ही इंदिरानगरला राहतो. पहिलं मोजमाप गच्चीवर केलं. स्पीकर आणि माइक दोन्ही दीड मीटर उंचीवर, मध्ये एक मीटर. फरशीवरून परतलेला आवाज मग सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. तिथून पुढचं कापलं की उरतो फक्त स्पीकर. अशा वेळी साधारण १६० हर्ट्झच्या खालचं काही धरता येत नाही, म्हणून तेवढ्यासाठी माइक स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या (कोनच्या) अगदी तोंडाशी नेला. ही युक्ती डॉन कील यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि माझ्यासारख्या बंद पेटीच्या स्पीकरला ती छान लागू पडते. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रकांची घरघर नको म्हणून पहाटे चारला बसलो. आलेखात कुठेही फुगवटा नव्हता. स्पीकर निर्दोष!

मग तोच माइक बाबांच्या खुर्चीत, कानाच्या उंचीला. ९४ हर्ट्झवर एवढा मोठा सुळका, की स्वीप पुन्हा घेऊन पाहिला. खोली बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर लांब. ९४ हर्ट्झची तरंगलांबीही जवळपास तेवढीच. असा सूर दोन भिंतींमध्ये अडकून बसतो आणि भिंतीलगत सगळ्यात जास्त ऐकू येतो. बाबांची खुर्ची नेमकी भिंतीला टेकलेली. लांबीच्या पाव अंतरावर, तीन फूट पुढे, तो जवळजवळ विरतो. खुर्ची सरकवून मोजलं. सुळका बसला होता.

क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे-वरचे सूर स्पीकरच्या वेगवेगळ्या भागांना वाटून देणारं सर्किट, स्वतः बांधणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की यूएसबी माइकला वेळेचा संदर्भ (आवाज नेमका कधी सुटला ते) वेगळा द्यावा लागतो. घरच्या मोजमापाला मात्र हा पुरेपूर आहे.

संध्याकाळी बाबांनी तोच ठेका लावला. संपल्यावर काही बोलले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून लावला.