कंबरदुखीसाठी तपासून आखून घेतलेला व्यायाम : दिवाळी ते नवरात्र

'कंबरदुखीवर पाच आसनं' अशा व्हिडिओंत आणि आपल्याला तपासून आखलेल्या व्यायामात किती फरक असतो, ते आता मी खात्रीने सांगू शकते. गेल्या दिवाळीनंतर इथे वडोदऱ्यात एका फिजिओथेरपिस्टकडे सुरुवात केली. यंदाचं नवरात्र आटोपल्यावर हे लिहितेय.

बँकेत दिवसभर बैठं काम, येता-जाता रावपुऱ्याच्या गर्दीतून स्कूटर. दुखणं फक्त कमरेत. पहिल्या भेटीत या फिजिओथेरपिस्टबेननी (बेन म्हणजे ताई) व्यायाम दिलाच नाही. लघवीवर ताबा आहे ना, पायातली ताकद कमी झाली का, ताप, वजन घटणं, सगळं विचारलं. यातलं काही असतं तर आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. मग पुढे-मागे वाकायला, खुर्चीतून उठायला लावलं. शेवटी विचारलं, "तुम्हाला परत काय करता यायला हवंय?" मी म्हटलं, गरबा.

एमआरआयमधल्या 'डिस्क बल्ज'ने, म्हणजे मणक्यांमधल्या चकतीच्या फुगवट्याने, घरी सगळे धास्तावले होते. मला फार धीर आला तो इथे: काहीही न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचा एमआरआय काढला, तरी जवळपास निम्म्यांत असा फुगवटा दिसतो, हे 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात आलंय.

मला पुढे वाकलं की दुखायचं, मागे झुकलं की बरं वाटायचं. म्हणून पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं, गुडघे टेकून साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणं), बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं) आणि कमाटीबागेत चालणं. माझ्या आत्तेसासूबाईंचं नेमकं उलट. चाललं की त्यांचे पाय भरून येतात, पुढे वाकून बसलं की सुटतात. त्यांना त्याच बेननी गुडघे छातीशी घ्यायला सांगितलं. माझ्या व्यायामाचा कागद त्यांना दिला असता तर त्रासच वाढला असता.

सासरे तरुणपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात जाणारे, त्यामुळे त्यांचा आग्रह सूर्यनमस्कारांचा. बेननी ते बंद केले नाहीत, संध्याकाळी ढकलले आणि बऱ्याच उशिराने सुरू केले. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्या उठल्या वाकणं जास्त ताणाचं, असं त्यांनी समजावलं. सासऱ्यांनाही ते पटलं.

पावसाळ्यात दुखणं पुन्हा उसळलं. तेव्हा व्यायाम थांबवला नाही, त्याचा जोर आणि वेळ कमी केला. नियम साधा: करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी पूर्वपदावर यायला हवं. दुखणं उतरल्यावर कमरेऐवजी नितंबांतून वाकून वजन उचलणं आणि गिरक्या, टाळ्या यांचा थोडा थोडा सराव.

खटकलं ते दोन गोष्टींत. फी मध्यमवर्गीय घराला जड आहे, आणि त्यांच्या ॲपमधले व्यायामाचे व्हिडिओ फक्त इंग्रजीत आहेत. आत्तेसासूबाईंना ते मलाच करून दाखवावे लागतात. पण यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ट्रॅक्शन (कंबर यंत्राने ताणणं), मशीनचा शेक आणि कमरेचा पट्टा यांवर यापेक्षा जास्त पैसे गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी आखीव व्यायामाची शिफारस केली, आणि ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक, पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलं. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

नवरात्रात गरबा खेळले. रोज मध्यरात्रीपर्यंत नाही, एक फेरी खेळायची, बसायचं, मग पुढची. सकाळी कंबर थोडी आखडायची, चालून आले की मोकळी व्हायची. आता क्लिनिकला महिन्यातून एकदा जाते, बाकी घरीच. पुढच्या भेटीत आत्तेसासूबाईंचा कागद नव्याने लिहून घ्यायचाय, त्यांना सत्संगात मांडी घालून बसायचंय.