एन८एन: बाजारभावाचा एपीआय पोस्टग्रेसच्या टेबलात उतरवायला कितपत कामाचं?

दहा-बारा कॉलमचं टेबल, दिवसातून एक-दोनदा येणारा डेटा आणि कोड लिहायला वेगळा माणूस नाही, अशा कामाला एन८एन घ्यावं, म्हणजे 'नोड' नावाचे ठोकळे जोडून आपोआप चालणारी साखळी ('फ्लो') बनवायचं साधन. पण टेबल आधी पक्कं करून मगच त्याला हात लावावा. मॅपिंगचा, म्हणजे आलेलं कोणतं फील्ड कोणत्या कॉलमात जायचं ते जोडायचा, स्क्रीन इतका गुळगुळीत आहे की खालचं टेबल कच्चं असलं तरी सगळं हिरवं दिसतं.

हे परीक्षण एकाच कामाच्या अंगानं आहे. सरकारी डेटा डॉट गव्ह डॉट इनवरचा रोजच्या बाजारभावाचा एपीआय (प्रोग्रामनं डेटा मागून घ्यायची सोय) घ्यायचा, त्यातला कोल्हापूर जिल्हा गाळायचा आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या स्वतःच्या टेबलात भरायचा. शाहू मार्केट यार्डातल्या गूळ-कांद्याच्या अडतीला किंवा त्यांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला लागणारं हे काम आहे. एन८एन स्वतःच्या मशीनवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) टाकता येतं, ५६७८ पोर्टवर ब्राउझरमध्ये उघडतं आणि आपल्या धंद्याच्या आतल्या वापराला फुकट आहे. तेच होस्ट करून दुसऱ्याला विकायचं असेल तर मात्र लायसन नीट वाचा.

बसवल्यावर पहिलं काम टाइमझोनचं. मुळात तो न्यूयॉर्कचा असतो. 'जेनेरिक टाइमझोन' या सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता भरलं नाही, तर संध्याकाळी ७ ला लावलेला फ्लो आपल्याकडं पहाटे साडेचार किंवा साडेपाचला धावतो, तिकडचा उन्हाळा-हिवाळा असेल तसा.

एपीआयची की (डेटा मागताना द्यायचा पासवर्डसारखा मजकूर) फुकट मिळते. वेबसाइटवरच्या नमुना कीवर एका वेळी १० च नोंदी येतात, त्यामुळं स्वतःची की काढाच. ती यूआरएलमध्ये चिकटवू नका, एन८एनच्या क्रेडेन्शियलमध्ये (गुप्त मजकुराच्या कप्प्यात) 'क्वेरी ऑथ' म्हणून ठेवा. नाहीतर फ्लो एक्स्पोर्ट करून कुणाला दिला की कीही त्याच्यासोबत जाते.

एपीआयकडून डेटा आणणारा एचटीटीपी रिक्वेस्ट नोड चांगला आहे, पण पानं उलटण्यात एक खोच आहे. एपीआयला लिमिट (एका वेळी किती नोंदी) आणि ऑफसेट (किती नोंदी सोडून पुढं) द्यावे लागतात. पेजिनेशनमध्ये 'प्रत्येक रिक्वेस्टला पॅरामीटर बदला' निवडून ऑफसेटला पेजकाउंट गुणिले लिमिट द्यायचं, इथवर सरळ आहे. थांबायची अट म्हणून 'रिस्पॉन्स रिकामा' निवडलात तर फसाल. रेकॉर्ड संपले तरी एपीआय एकूण संख्या, लिमिट वगैरे मजकूर पाठवतच राहतो, त्यामुळं रिस्पॉन्स कधी रिकामा होतच नाही. अट स्वतः लिहायची: बॉडीतल्या रेकॉर्ड्सची लांबी शून्य झाली की थांब. मग स्प्लिट आउट नोडनं रेकॉर्ड्स फोडले की एका ओळीचा एक आयटम होतो. इथवर काम नाद खुळा.

आता मॅपिंग. पोस्टग्रेस नोडमध्ये टेबल निवडलं की कॉलमची यादी आपोआप येते. प्रत्येक कॉलमसमोर एपीआयचं फील्ड माउसनं ओढून टाकायचं. आपोआप मॅपिंगचाही पर्याय आहे, पण तो फक्त नावं तंतोतंत जुळली तरच चालतो. टेबलात नसलेलं एखादं जादा फील्ड आलं तरी अडतो. सरकारी एपीआयच्या भरवशावर आपोआप मॅपिंग ठेवू नये. आणि टेबलात नवा कॉलम घातलात तर नोडमध्ये कॉलम यादी रिफ्रेश करा, तो आपणहून उगवत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा. अरायव्हल डेट दिवस/महिना/वर्ष अशी, साध्या मजकुरात येते. ती तशीच डेट कॉलमला जोडली की अमेरिकी पद्धतीनं महिना आधी वाचला जातो. ०५/११/२०२४ म्हणजे ५ नोव्हेंबर, पण टेबलात ११ मे जाऊन बसतो आणि कुठंही चूक दाखवली जात नाही. १३ तारीख उजाडली की १३ वा महिना नसल्यामुळं फ्लो लाल होतो, आणि लोक तेव्हा शोधाशोध करतात. तोवर आधीच्या तारखा उलट्या होऊन बसलेल्या असतात. उपाय एका एक्स्प्रेशनचा, म्हणजे कॉलमसमोर लिहायच्या छोट्या सूत्राचा: डेटटाइमच्या फ्रॉमफॉरमॅटला दिवस/महिना/वर्ष हा साचा द्यायचा आणि आयएसओ (वर्ष-महिना-दिवस) तारीख काढायची. साच्यातला महिन्याचा एम कॅपिटल हवा, लहान एम म्हणजे मिनिटं.

भावाचे तीन कॉलम, किमान, कमाल आणि मोडल (जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो), न्यूमरिक म्हणजे आकड्यांचे ठेवा. आकडा दिसला तरी तो मजकूर म्हणून आलेला असू शकतो. त्यासाठी मॅपिंगखाली 'टाइप बदलायचा प्रयत्न करा' हा पर्याय आहे, तो चालू करा. त्याच्याच शेजारचा 'टाइप जुळला नाही तरी दुर्लक्ष करा' मात्र बंदच असू दे. भाव क्विंटलचा असतो. कांद्याचा दर इथं दहा किलोवर बोलतात, म्हणून मॅपिंगमध्येच दहानं भागायचा मोह होतो. तसं करू नका. टेबलात क्विंटलच ठेवा आणि दहा किलोचा दर व्ह्यूमध्ये (टेबलावरून आपोआप बनणाऱ्या तक्त्यात) काढा, म्हणजे मूळ आकड्याशी ताडून बघता येतं.

अपसर्ट, म्हणजे 'घाला किंवा बदला', हे या नोडचं खरं बळ. त्याच दिवसाचा दुरुस्त भाव पुन्हा आला तर जुनी ओळ बदलते. 'कशावर जुळवायचं' इथं जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत आणि तारीख असे सहा कॉलम द्या. पण याच सहा कॉलमवर पोस्टग्रेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तीच ओळ दोनदा पडू न देणारी अट) हवा. तो एन८एन बनवून देत नाही. नसला तर ऑन कॉन्फ्लिक्टशी जुळणारा कन्स्ट्रेंट नाही अशी एरर येते आणि नवखा माणूस मॅपिंगच तपासत बसतो.

दोन चांगले पर्याय एकत्र आले की बिघडतं, ते इथं. 'रिकाम्या मजकुराचं नल (म्हणजे 'किंमतच नाही') करा' हा पर्याय एरवी बरा. पण प्रत रिकामी आली की तिचंही नल होतं. पोस्टग्रेस दोन नल सारखे धरत नाही, म्हणून युनिक कन्स्ट्रेंट असूनही प्रत्येक वेळी नवी ओळ पडते. महिन्याची सरासरी काढताना गुळाच्या नोंदी दुप्पट-तिप्पट दिसतात, त्या यामुळं. पोस्टग्रेस १५ किंवा पुढचं असेल तर कन्स्ट्रेंटला 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' लावा. जुनं असेल तर एक्स्प्रेशनमध्ये रिकाम्या प्रतीऐवजी 'इतर' भरा आणि कॉलम नॉट नल (नल न स्वीकारणारा) करा.

शेवटच्या बदलाची वेळ ठेवायची असेल तर तो कॉलमही मॅपिंगमध्ये घ्या. टेबलातला डिफॉल्ट फक्त पहिल्यांदा ओळ पडताना लागतो, अपडेटला लागत नाही.

वीज गेली आणि ठरलेली वेळ हुकली, तर मागची फेरी एन८एन आपणहून भरून काढत नाही. हा एपीआय तर चालू भावाचाच. मागचे दिवस त्याच संकेतस्थळावरच्या जातवार भावाच्या दुसऱ्या संचातून घ्यावे लागतात, आणि तिथं फील्डची नावं मोठ्या अक्षरांनी सुरू होतात. जुनंच मॅपिंग कॉपी करून लावलं तर एक्स्प्रेशनला फील्ड सापडत नाही आणि किंमत रिकामी जाते. म्हणून भाव आणि तारीख हे कॉलम नॉट नल असलेले बरे. निदान आरडाओरडा तरी होतो.

बाजाराची आणि शेतमालाची नावं एपीआयमधून येतात तशीच साठवा, मराठी नावांसाठी वेगळं जोडटेबल करा. उद्या तिकडं 'कोल्हापूर'च्या पुढं काही शेपूट लागलं तर जोडटेबलात एक ओळ वाढवली की भागतं, फ्लोला हात लावावा लागत नाही. शिवाय एका जेसनबी (फील्डच्या नावांसकट डेटा साठवणाऱ्या) कॉलममध्ये अख्खा कच्चा रेकॉर्ड टाकून ठेवा. जागा फार खात नाही आणि वरची तारखेची चूक झाली असेल तर टेबल त्यातूनच पुन्हा बांधता येतं.

पोस्टग्रेस नोडच्या बॅचिंग या पर्यायात 'ट्रान्झॅक्शन' निवडा, म्हणजे एक ओळ अडली की सगळंच मागं जातं. 'स्वतंत्र' निवडलं तर चांगल्या ओळी जातात आणि वाईट गळतात. भावाच्या तक्त्याला अर्धवट दिवस परवडत नाही.

नोडची मांडणी झकास, पेजिनेशन ठीक, एररचे संदेश कामचलाऊ. डॉकरचा व्हॉल्यूम (एन८एनचा डेटा साठतो ती जागा) मात्र बॅकअपमध्ये ठेवा, कारण एन्क्रिप्शन की त्यातच असते. ती गेली तर साठवलेले पासवर्ड आणि एपीआय की परत उघडत नाहीत. राज्यभरातल्या सगळ्या बाजारांचा अनेक वर्षांचा इतिहास एकदम भरायचा असेल तर हे साधन घेऊ नका. तिथं छोटी पायथन स्क्रिप्ट आणि पोस्टग्रेसची कॉपी कमांड बरी. हजारो आयटम एका फ्लोमध्ये फिरवताना एन८एनची मेमरी फुगते.